उसण, पायाळू आणि ऑस्टिओपॅथी

(आकाशवाणीवरील आरोग्यविषयक भाषणाचा संपादित भाग)



आमच्या लहानपणी गावात कुणाच्या कमरेत उसण भरली, की पहिली शोधाशोध व्हायची ती पायाळू माणसाची. जन्माच्या वेळी डोक्याऐवजी पायांकडून बाहेर येतो तो पायाळू. त्याने दुखऱ्या जागी पाय लावला की उसण जाते, असा पक्का समज. आमच्या गल्लीत एक पायाळू काकू होत्या. निरोप गेला की "भाजी फोडणीला टाकते नि आलेच" म्हणायच्या, यायच्या, पालथ्या पडलेल्या माणसाच्या कमरेला तीनदा पाय लावायच्या आणि भाजी करपायच्या आत परत जायच्या. काकूंच्या पायाने बरी झालेली माणसं गावात खरोखरच होती. पुढे मी डॉक्टर झालो तेव्हा समजलं, की नुसती उसण असेल तर बहुतेकांची कंबर काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपली आपणच मोकळी होते. काकूंचा पाय आणि माझ्या गोळ्या यांचं यश बरंचसं एकाच जातीचं होतं. आज जे सांगणार आहे ते ऐकताना ही गोष्ट मनाच्या एका कोपऱ्यात असू द्या.

आज बोलायचं आहे ते ऑस्टिओपॅथी या उपचारपद्धतीविषयी. नाव होमिओपॅथीच्या बहिणीसारखं वाटतं, पण दोघींचं काही नातं नाही. इथे साबुदाण्यासारख्या गोळ्या नाहीत. निदान ब्रिटनमध्ये ज्याला ऑस्टिओपॅथी म्हणतात त्यात कुठल्याच गोळ्या नाहीत. हे हातांचं काम आहे.

माझी तिच्याशी ओळख झाली ती पेशंट म्हणून. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं लंडनला लेकीकडे गेलो होतो. विमानतळावर फिरत्या पट्ट्यावरून बॅग उचलली. आत भाजणी, गोडा मसाला, लोणच्याच्या बरण्या. उचलली मात्र, आणि कमरेत अशी कळ आली की लेकीच्या घरी पोचलो ते काटकोनात वाकूनच. बरोबर गोळ्या होत्या, त्या घेतल्या. तिसऱ्या दिवशीही मोज्यात पाय घालता येईना. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही डॉक्टर आहात हे घडीभर विसरा. इथे जवळच एक ऑस्टिओपॅथ आहेत, मी त्यांची वेळ घेतलीय." मी कुरकुरलो. ऑस्टिओपॅथ म्हणजे इंग्रजी पाटी लावलेला हाडवैद्य, अशी माझी समजूत. आपण तालुक्याच्या गावी तीस-पस्तीस वर्षं प्रॅक्टिस केलेली, आणि आता हाडवैद्याकडे जायचं!

गेलो. चाळिशीच्या एक बाई होत्या. पहिली वीस मिनिटं त्यांनी हातच लावला नाही. नुसते प्रश्न. कळ कुठून निघते, पायात उतरते का, रात्री झोपेतून उठवते का? वजन कमी झालंय का? संध्याकाळी अंग तापतं का? पूर्वी कधी कॅन्सरचं निदान झालं होतं का? लघवीला काही अडचण? बसताना जो भाग टेकतो तिथे बधिरपणा? मी डॉक्टर आहे असं सांगितल्यावरही त्यांनी एकही प्रश्न गाळला नाही. मला जरा ओशाळल्यासारखं झालं. त्याचं कारण पुढे सांगतो.

मग उभं केलं. पुढे, मागे, बाजूला वाकायला लावलं. एका पायावर उभं केलं. गुडघ्याला हातोडी मारून पाहिली, पाय सरळ उचलून पाहिले, पाठीचा एकेक मणका बोटाने ठोकून पाहिला. त्यानंतर हात लागला तो अगदी सावकाश. कमरेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू त्या तळव्याने मळत होत्या, आणि कुठे घट्ट आहे, कुठे सैल आहे हे मला बोलून दाखवत होत्या. मग एका कुशीवर वळवलं, वरचा गुडघा वाकवला आणि सांगितलं, "माझ्या हाताला गुडघ्याने हलकेच रेटा द्या. अगदी हलका. आता सोडा." असं तीन-चार वेळा. दर वेळी सोडल्यावर पाय थोडा अधिक पुढे जात होता. शेवटी त्याच कुशीवर असताना खांदा एकीकडे, कंबर दुसरीकडे अशी धरून एक छोटासा झटका दिला. कट्‌ असा आवाज झाला. मी दचकलो. त्या हसून म्हणाल्या, "काही जागेवर बसलं वगैरे नाही हं. फक्त सांध्यातल्या वायूचा आवाज आहे."

हे वाक्य मला फार आवडलं. कारण आपल्याकडे 'मणका सरकला होता, तो बसवला' असं सांगून पैसे घेणारे पुष्कळ आहेत. मणका असा सहजी सरकत नाही, आणि खरोखरच सरकला असेल तर तो एका झटक्यात बसत नाही. सांध्यात जे वंगणासारखं द्रव असतं, त्याच्यावरचा दाब एकदम कमी झाला की त्यात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बोटं मोडताना चालू एमआरआयमध्ये ही पोकळी तयार होताना पाहिली. बोटं मोडली की संधिवात होतो, असं आपल्या आया सांगायच्या. डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने साठ वर्षं रोज फक्त डाव्या हाताची बोटं मोडली आणि उजव्याची नाही. दोन्ही हातांत त्याला काही फरक दिसला नाही. या चिकाटीबद्दल त्याला २००९ मध्ये गमतीचं 'इग नोबेल' मिळालं.

मग झटक्याने बरं वाटतं ते का? जागच्या स्नायूंचं आखडणं थोडा वेळ सैल होतं, मज्जातंतूंकडून मेंदूकडे जाणाऱ्या वेदनेच्या संदेशात बदल होतो, आणि 'आपल्याला हलता येतं' हे माणसाला स्वतःलाच कळतं. यातलं शेवटचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. कंबर धरलेला माणूस घाबरलेला असतो. तो हलतच नाही. न हलल्यामुळे स्नायू अधिक आखडतात, आणि दुखणं घर करतं. त्या बाईंनी मला घरी जाताना दोन व्यायाम सांगितले आणि बजावलं, की झोपून राहायचं नाही, रोज चालायचं. श्रोतेहो, मी स्वतः कित्येक वर्षं पेशंटना सांगत आलो होतो, 'तीन आठवडे फळीवर झोपा.' १९८६ मध्येच अमेरिकेत एका अभ्यासात दिसलं होतं, की सात दिवस अंथरुणात राहायला सांगितलेल्या लोकांपेक्षा दोनच दिवस सांगितलेले लोक कमी रजा घेऊन कामावर परतले. माझ्या फळीवरून किती जणांची मजुरी बुडाली असेल, देव जाणे.

मी तिसऱ्या खेपेनंतर ताठ चालू लागलो. ते त्यांच्या हातांमुळे की काकूंच्या पायाच्या न्यायाने, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण उत्सुकता मात्र चाळवली, आणि मी या पद्धतीच्या मुळाशी कोण आहे ते वाचू लागलो.

अँड्र्यू टेलर स्टिल हा माणूस १८२८ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात जन्मला. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक आणि डॉक्टरही. मुलगा वडिलांच्या हाताखालीच वैद्यक शिकला. लहानपणी त्याला डोकेदुखी होती. एकदा झाडांना बांधलेल्या झोक्याची दोरी त्याने खाली घेतली, तिच्यावर घोंगडी टाकली आणि मान त्या दोरीवर टेकून आडवा झाला. तसाच झोप लागली, आणि उठला तेव्हा डोकं थांबलेलं होतं. पुढे त्याने आत्मचरित्रात ही आठवण मोठ्या कौतुकाने लिहिली आहे.

पण त्याला वैद्यकावर उलटवलं ते दोरीने नव्हे. १८६४ मध्ये, अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू असताना, मेंदूज्वराच्या साथीत त्याच्या घरातली तीन मुलं गेली. डॉक्टर आले, त्यांनी त्या काळी होतं ते सगळं दिलं. काय होतं त्या काळी? पाऱ्याचं क्षार, अफू, दारू, रेच. आज आपल्याला कळतं, की त्या औषधांनी मुलं वाचणं शक्यच नव्हतं, आणि काही वेळा औषधच मारक ठरत असे. जंतूंचा शोध नीट लागायचा होता, प्रतिजैविकं तर फार दूर. घरात डॉक्टर असून मुलं हातची गेलेल्या बापाने औषधांवरचा विश्वास टाकला, तर मी त्याला दोष देणार नाही.

स्टिल हाडं घेऊन बसला. दहा वर्षं शरीररचनेचा अभ्यास केला. १८७४ मध्ये त्याने आपला विचार मांडला: शरीर हे एक अखंड यंत्र आहे, त्याची रचना आणि त्याचं काम एकमेकांवर अवलंबून आहे, आणि स्वतःला बरं करण्याची ताकद त्याच्यातच आहे. रचनेत अडथळा आला की रक्तप्रवाह अडतो आणि आजार होतो. तो अडथळा हातांनी दूर करावा. कॅन्ससमधल्या ज्या बेकर विद्यापीठाच्या उभारणीला त्याच्या घराण्याने मदत केली होती, त्यांनीही त्याला हे शिकवू दिलं नाही. मग काही काळ तो गावोगाव फिरून 'विजेच्या वेगाने हाडं बसवणारा' अशी स्वतःची जाहिरात करत होता. म्हणजे मुळात हाडवैद्यच, माझी समजूत अगदीच चूक नव्हती! शेवटी मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल या छोट्या गावात १८९२ मध्ये त्याने शाळा काढली. पहिल्याच वर्गात स्त्रियांना प्रवेश दिला, हे त्या काळात विशेष.

स्टिलचं निम्मं बरोबर होतं आणि निम्मं चूक. त्या काळच्या विषारी औषधांपेक्षा त्याचे हात बरे, हे बरोबर. पण झाडून सगळे रोग हाडांच्या अडथळ्याने होतात, हे चूक. गंमत अशी, की त्याच्या वारसांच्या दोन शाखा झाल्या आणि त्यांनी या चुकीचं काय करायचं ते वेगवेगळं ठरवलं.

अमेरिकेतल्या शाखेने हळूहळू औषधं, शस्त्रक्रिया, सगळं अभ्यासक्रमात घेतलं. तिथे 'डी.ओ.' म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन ही पदवी एम.डी.च्या बरोबरीची आहे. डी.ओ. औषधं लिहितो, शस्त्रक्रिया करतो, बाळंतपण करतो. ही बरोबरी सुखासुखी मिळाली नाही. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात एक अजब प्रकार झाला: ६५ डॉलर भरा आणि डी.ओ.च्या जागी एम.डी. लावा! सुमारे दोन हजार लोकांनी ते केलं. १९६६ पासून अमेरिकी सैन्याने डी.ओ. डॉक्टर घ्यायला सुरुवात केली. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष ट्रम्प यांना कोविड झाला, तेव्हा त्यांच्या प्रकृतीची माहिती देणारे व्हाइट हाऊसचे डॉक्टर शॉन कॉन्ले हे डी.ओ. होते. हे मुद्दाम सांगतो, कारण ज्यांची मुलं तिकडे आहेत असे लोक मला काळजीने विचारतात, "डॉक्टर, सुनेला सातवा महिना लागलाय आणि तिची डॉक्टरीण एम.डी. नाही, डी.ओ. का काहीतरी आहे. चालेल ना?" चालेल. तिकडचे बहुतेक डी.ओ. रोजच्या कामात हातांचे उपचार क्वचितच करतात, ही वेगळी गोष्ट.

दुसरी शाखा ब्रिटनची. स्टिलचा विद्यार्थी जॉन मार्टिन लिटलजॉन याने लंडनमध्ये १९१७ मध्ये ब्रिटिश स्कूल ऑफ ऑस्टिओपॅथी सुरू केली. तिथला ऑस्टिओपॅथ हा वैद्यकीय डॉक्टर नसतो. तो औषध लिहीत नाही. त्याचं क्षेत्र म्हणजे कंबर, मान, खांदा, सांधे. १९९३ च्या कायद्याने तिथे परिषद स्थापन झाली, आणि नोंदणी नसलेल्याला स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवून घेता येत नाही. तेव्हा एकच शब्द, पण अटलांटिकच्या अलीकडे एक अर्थ आणि पलीकडे दुसरा.

आता पेशंटचा खरा प्रश्न: फायदा किती? १९९९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये कंबरदुखीचा एक अभ्यास आला. काहींना नेहमीचे उपचार, काहींना ऑस्टिओपॅथी. बारा आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच सुधारले होते, पण ऑस्टिओपॅथीवाल्यांना वेदनाशामक गोळ्या कमी लागल्या. ज्यांनी पेशंटची मूत्रपिंडं या गोळ्यांनी बिघडलेली पाहिली आहेत, त्यांना ही लहान गोष्ट वाटणार नाही. २००४ चा ब्रिटनमधला मोठा अभ्यास, तेराशेवर पेशंटचा, त्यातही हातांच्या उपचाराने तीन महिन्यांपर्यंत बेताचा फायदा दिसला, वर्षाने तो आणखी कमी झाला. आणि २०२१ मध्ये फ्रान्समध्ये चारशे जणांवर एक कडक परीक्षा झाली. अर्ध्यांना खरी ऑस्टिओपॅथी, अर्ध्यांना नुसता हात ठेवून केलेलं नाटक. हालचालीत खऱ्या गटाला फरक पडला, पण इतका थोडा की पेशंटला तो जाणवेल का, अशी शंका संशोधकांनीच घेतली. दुखण्यात फरक नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये म्हणूनच सांगितलं, की कंबरदुखीत हातांचे उपचार द्यायचे तर व्यायामाच्या जोडीनेच द्यावेत, एकटे नकोत. थोडक्यात, कंबरेला मदत होते, पण बेताची. आणि ती टिकवायची तर तुम्हाला घाम गाळावा लागतो.

कवटीची हाडं बोटांनी हलवून ताणतणाव, बाळाचं रडणं, दमा बरा करतो असं सांगणारीही एक उपशाखा आहे. प्रौढ माणसाच्या कवटीची हाडं बोटांच्या दाबाने सरकतील हे मला शरीररचनेत कुठे सापडलेलं नाही, आणि त्याला चांगला पुरावाही नाही. मूल सतत रडत असेल तर बालरोगतज्ज्ञाकडेच न्या.

मघाशी म्हटलं, त्या बाईंच्या प्रश्नांनी मी ओशाळलो. त्याचं कारण आता सांगतो. फार वर्षांपूर्वी माझ्याकडे माग चालवणारा एक तरुण आला होता. "डॉक्टर, पाठ दुखतीय." बाहेर चाळीस पेशंट. मी टेबलाच्या अलीकडूनच विचारलं, वजन उचललंस का? "उचलतोच की." मी गोळ्या लिहिल्या. त्याने गुण आला नाही तसा तो एका पाठ चोळणाऱ्याकडे गेला. त्याने चार महिने तेल लावून पाठ रगडली, गुडघा रोवून मणके वाजवले. तरुण पुन्हा माझ्याकडे आला तो भावाच्या खांद्यावर हात टाकून. पाय लटपटत होते. संध्याकाळी कणकण येत होती, पँट ढिली झाली होती. मी शर्ट वर करून मणका ठोकला, तसा तो ओरडला. मणक्याचा क्षयरोग होता, मज्जारज्जूवर दाब आलेला. पुढे शस्त्रक्रिया, मोठ्या मुदतीची औषधं, आणि नशिबाने पाय परत आले. पण पहिल्याच दिवशी मी उठून त्याच्या पाठीला हात लावला असता तर? चोळणाऱ्याला मी मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या. त्याने निदान हात तरी लावला होता.

तेव्हा, आपल्या देशात क्षयरोग आहे, हे विसरून कुणाच्याही हाती पाठ देऊ नका. दुखण्याबरोबर ताप असेल, वजन घटत असेल, रात्री कळ वाढत असेल, पूर्वी कॅन्सर झालेला असेल, म्हातारपणी पडल्यानंतर पाठ दुखायला लागली असेल, तर आधी डॉक्टर आणि तपासण्या. लघवीवरचा ताबा गेला, पायांतली ताकद जाऊ लागली, किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. हाडं ठिसूळ असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करण्याची औषधं घेणाऱ्यांनी झटक्याचे उपचार टाळावेत. मानेला झटका तर शक्यतो कुणाकडूनच घेऊ नये. मेंदूला रक्त नेणारी रोहिणी मानेच्या मणक्यांतून जाते. झटक्याने तिचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना विरळ आहेत, पण आहेत. आपल्याकडे दाढीच्या दुकानात शेवटी मान कडकन मोडून देतात, त्यालाही 'नको' म्हणायला शिका.

आपल्याकडे ब्रिटनसारखी ऑस्टिओपॅथीची स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. त्यामुळे पाटीवरच्या शब्दावरून काहीच कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये शिक्षणाचं एक माप ठरवून दिलं आहे: नव्याने शिकणाऱ्याला ४२०० तास, त्यात किमान हजार तास देखरेखीखाली प्रत्यक्ष पेशंटवर काम. दोन शनिवार-रविवारच्या शिबिरात ते होत नाही. सरळ विचारा, कुठे शिकलात, किती वर्षं? मूळचे फिजिओथेरपिस्ट असतील आणि वर हे शिकलेले असतील तर चांगलंच. हात लावण्याआधी त्यांनी तुम्हाला प्रश्न किती विचारले ते पाहा. पहिल्याच दिवशी वीस बैठकांचे पैसे आगाऊ मागितले तर चप्पल घाला आणि निघा. आणि गावात नुसता चांगला फिजिओथेरपिस्ट असेल तर ऑस्टिओपॅथीसाठी पुण्या-मुंबईला धावण्याची काही गरज नाही. तिची बरीचशी तंत्रं त्यालाही येतात.

लंडनहून परत आल्यावर मी दवाखान्यात एक बदल केला. आतल्या खोलीत तपासणीचं टेबल होतं, पण कित्येक वर्षं त्याच्यावर औषध कंपन्यांच्या नमुन्यांची खोकी रचलेली असत. ती कंपाउंडरकडून उतरवून घेतली आणि चादर घातली. कंबरदुखीचा पेशंट आला की त्याला आता तिथे झोपवतो, प्रत्येक मणका ठोकून बघतो, ते सगळे प्रश्न विचारतो. एका पेशंटला पंधरा मिनिटं जातात. बाहेर बाकावर बसलेले लोक हल्ली कुरकुर करतात, डॉक्टर म्हातारे झाले, फार वेळ लावतात.